सतरा नंबरची पेटी

पूल बांधणाऱ्याला म्हातारपणी आपला पूल दाखवता येतो. मास्तराला तहसीलदार झालेला विद्यार्थी दाखवता येतो. माझ्या नोकरीतलं यश दाखवायचं तर सेलूच्या आठवडी बाजारात केळीवाल्याशी हुज्जत घालणारी एखादी बाई दाखवावी लागेल, आणि तिच्याकडे बोट करायचं नाही हा तर आमच्या कामाचा पहिला नियम. जे घडलं नाही ते आमचं काम. न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही, आणि आमच्या खात्यात फोटोशिवाय काही घडत नाही. त्यामुळे निवृत्तीच्या वेळी माझ्या फायलीत जे फोटो होते ते सगळे बॅनरचे होते.

मी आरोग्य खात्यात एकतीस वर्षं होतो. पहिली तेवीस मलेरिया, कुष्ठरोग, पोलिओ असल्या सरळ शत्रूंशी लढण्यात गेली. शेवटची आठ वर्धा जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकात. माझं काम आत्महत्या टाळण्याचं होतं. एकेका रुग्णाला बरं करणं हा डॉक्टरांचा प्रांत; माझ्याकडे गावंच्या गावं. हे ऐकलं की लोक विचारतात, म्हणजे नेमकं करता काय? मुंबई-पुण्याचे असले तर पुढचा प्रश्न कर्जाचा असतो. वर्ध्याचं नाव निघालं की त्यांना दुसरं काही सुचत नाही. माणसं कशाकशाने खचतात याची माझी यादी त्यांच्यापेक्षा पुष्कळ लांब आहे. तिच्यात दारू आहे, बाळंतपण आहे, दहावीचा निकाल आहे, पाठीचं न थांबणारं दुखणं आहे, आणि काही जणांपुढे कारण म्हणून लिहिता येईल असं काहीच नाही.

नेमकं काय करायचं ते मलाही उशिरा कळलं. पहिली दोन वर्षं मी शाळाशाळांतून शपथा दिल्या. पोरं हात पुढे करून ओरडायची, "आम्ही कधीही खचणार नाही." शपथेने भागत असतं तर मी मलेरियाचीही दिली असती. मग पथकात एक तरुण डॉक्टरीण आली. तिने पहिल्याच बैठकीत माझ्या शपथांचा गठ्ठा बाजूला सारला आणि दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली अशी की मरावंसं वाटणं हे बहुतेकांच्या बाबतीत कायमचं नसतं. ते उकळीसारखं वर येतं आणि खाली बसतं. कधी दहा मिनिटांत, कधी दोन तासांत. त्या वेळात हाताशी घातक काही नसलं आणि शेजारी माणूस असला, तर पुष्कळ जण त्यातून पार होतात, आणि पार झालेल्यांपैकी बहुतेक जण पुढे जगतात. म्हणजे आपल्याला सगळ्यांची दुःखं दूर करायची नाहीत. ती होणारही नाहीत. आपल्याला मधला वेळ वाढवायचा आहे.

दुसरी गोष्ट मला जड गेली. संशय आला तर सरळ विचारायचं: मरायचे विचार मनात येतात का? याच शब्दांत. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो असं लोकांना वाटतं. शिरत नाही, असलाच तर बाहेर येतो. हे ऐकताना मला आमच्या दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर गजानन आठवत होता. अकरा वर्षं त्याने मला या जिल्ह्यातल्या प्रत्येक खड्ड्यातून नेलं. एकदा त्याने आपला आवडता रेडिओ माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाला, ठेवा तुमच्याकडेच. मी विचारलं, बरं आहे ना? तो म्हणाला, बरं आहे. मला साथीच्या मीटिंगला जायचं होतं. मी गेलो. आठवड्याने आम्ही त्याच्या घरी गेलो ते पांढरे कपडे घालून. रेडिओ अजून माझ्याकडे आहे. चालू आहे, मी लावत नाही.

पहिल्या गोष्टीतून औषधांच्या पेट्यांची खोली निघाली. हिंगणीच्या पुढे जंगलाच्या बाजूला एक गाव आहे, नाव सांगत नाही. तिथे आम्ही घरोघर फिरून फवारणीचं औषध कुठे ठेवतात ते पाहिलं. पलंगाखाली, देवळीत, एका घरात तर लोणच्याच्या बरणीला टेकून. गावात रेशनचं एक बंद पडलेलं गोदाम होतं. ते ग्रामपंचायतीकडून मागून घेतलं, मांडण्या ठोकल्या आणि लोखंडी पेट्या बनवून घेतल्या, तयार झालेल्या एकेचाळीस घरांसाठी एकेक. प्रत्येक पेटीला एक नंबर आणि दोन कुलपं. एकाची चावी घरमालकाकडे, दुसऱ्याची गोदामातल्या फळीवर, खिळ्याला टांगलेली. बँकेच्या लॉकरसारखं. फवारणीच्या दिवशी दोन्ही चाव्या एकत्र आल्या तरच पेटी उघडणार, काम झालं की बाटली परत पेटीत.

गावाने आधी आमची भरपूर चेष्टा केली. एका आजोबांनी सभेत उभं राहून विचारलं, "आमी का चोर हाओ काय, साहेब? का तुमी औषधाची बँक काहाडली?" व्याज किती देता, असं मागून कोणीतरी विचारलं आणि सभा हसण्यात गेली. पण त्या सभेत न हसलेली चार-पाच माणसं होती, आणि त्यांच्या घरांपासून सुरुवात झाली.

खोलीला रखवालदार हवा होता. खरं तर रखवालदार नकोच होता, बोलणारं माणूस हवं होतं. सुशीलाबाई मिळाल्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तीस वर्षं काढलेली, गुडघे गेलेली, पौर्णिमेला न चुकता पांढरं लुगडं नेसून विहारात जाणारी बाई. गावातल्या निम्म्या शेतकऱ्यांचं नाक तिने पुसलेलं. त्यामुळे चावी मागायला आलेला पस्तिशीचा गडीही तिच्यापुढे शहाण्यासारखा उभा राहायचा. चावी लगेच द्यायची नाही, दोन शब्द बोलून मग द्यायची, हे आम्ही प्रशिक्षणात शिकवलं होतं. त्याचा त्यांनी स्वतःचा प्रकार बनवला. ओसरीवर सूप घेऊन बसायच्या, आणि आलेल्याला त्या दिवशीचं जे काही असेल ते निवडायला लावायच्या. बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या शेंगा, तुरीची डाळ, लसूण. माणसाचे हात कामात असले की तोंड मोकळं होतं, हे त्यांनी आमच्या कोणत्याही पुस्तिकेशिवाय ओळखलं होतं. "हात पाहाचा भाऊ," त्या मला म्हणाल्या. "तोंड तं कोनीबी सांभाळते."

दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. त्यातच मालू आली. तिचं खरं नाव वेगळं आहे.

मालू पंचवीस वर्षांची. नवरा विलास, सासू, तीन एकर कपाशी, घरात खायला-प्यायला नीट. जूनमध्ये तिला आठव्या महिन्यात मेलेली मुलगी झाली. त्यानंतर घरात त्या विषयावर कोणी बोललं नाही. वाईट म्हणून नव्हे. बोललं तर तिला आठवेल म्हणून. जणू ती विसरली होती. ऑगस्टमध्ये गावची आशाताई कविता हिने मला फोन केला. मालूने बाळासाठी शिवलेली झबली-टोपडी तिच्याकडे आणून दिली होती, कोणाला लागली तर द्या म्हणून. ते समजण्यासारखं होतं. पण दोन दिवसांनी तिने स्वतःच्या दोन चांगल्या साड्या नणंदेला दिल्या. कविता म्हणाली, "सर, वाटून राह्यली ती." मला टेबलावरचा रेडिओ दिसला.

मी पोचायच्या आधीच सुशीलाबाईंनी काम केलं होतं. त्याच दिवशी दुपारी मालू एकटी चावी मागायला आली. आभाळ भरलेलं, फवारणीचा दिवसच नव्हता. बाईंनी तिला काही न विचारता सूप पुढे सरकवलं. दोन तास दोघी बरबटी निवडत बसल्या. मग बाईंनी विचारलं. त्याच शब्दांत, जे मला कधी जमले नव्हते. मालू म्हणाली, येते मनात. रोज येते. बाईंनी तिला संध्याकाळपर्यंत उठू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला वर्ध्याला डॉक्टरिणीकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. विलासला समोर बसवून सगळं सांगितलं. तो खाली मान घालून अंगठ्याने चपलेचा पट्टा उकरत राहिला. गोळी लागू पडायला काही आठवडे जातात, तोवर तिला एकटं सोडू नका, एवढं डॉक्टरिणीने तीनदा सांगितलं. कविता दिवसाआड जाऊ लागली. मालू रोज दुपारी बाईंच्या ओसरीवर. असे तीन आठवडे गेले आणि सप्टेंबर आला.

सप्टेंबरात आमच्या विषयाचा एक जागतिक दिवस असतो. त्या वर्षी वरिष्ठांना आमच्या खोलीचा शोध लागला. दोन वर्षं चालू असलेल्या खोलीचं उद्घाटन करायचं ठरलं. चालू असलेल्या गोष्टीचं उद्घाटन कसं करणार, असं मी विचारलं, तर उत्तर आलं, नूतनीकरणाचं करू. नूतनीकरण कुठलं? रंग द्या.

आता जे सांगतो ते सांगायला मला आवडत नाही. मंडप, हारतुरे, फीत आणि कात्री यांची टवाळी करण्यात माझी हयात गेली. पण त्या वेळी निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं आणि साहेबांनी फोनवर "तुमच्या कामाची दखल" असे शब्द वापरले. मी विरघळलो. रंग कोणता द्यायचा हेसुद्धा मीच सांगितलं, आकाशी. रंगासाठी खोली रिकामी करायची, म्हणून पेट्या तीन दिवस ज्याच्या-त्याच्या घरी न्यायच्या. फवारणीचे दिवस, काम अडायला नको, म्हणून दोन्ही चाव्या सोबत द्यायच्या आणि सही घ्यायची. ते पत्र मी स्वतः टाइप केलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात शुद्ध मराठीतलं पत्र असेल.

सुशीलाबाईंनी ते वाचलं. चौथीपर्यंत शिकलेल्या, पण वाचायच्या सावकाश आणि पूर्ण. म्हणाल्या, "खोली खाली नका करू, भाऊ."

मी म्हणालो, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.

"अन् मालू?"

मी म्हणालो, विलासला सांगून ठेवू, सासू घरी असते, कविता जातेच आहे. प्रत्येक उत्तर बरोबर होतं. त्या उठून फळीवरच्या चाव्या काढायला लागल्या. मला वाटलं, पटलं.

कार्यक्रम अकराला होता. पाहुणे पवनारला आश्रमात थांबून येणार होते, म्हणजे एक वाजणार हे उघड होतं. मंडपावर फ्लेक्स. त्यावर "जीवन अनमोल आहे" ही ओळ होती, पण पाहुण्यांचे नऊ चेहरे मावल्यावर उरलेल्या जागेत. सुशीलाबाईंना मंचावर कडेच्या खुर्चीत बसवलेलं, त्यांचा शाल-श्रीफळाने सत्कार व्हायचा होता. बचत गटाच्या बाया स्वागतगीताला एका रंगाच्या साड्यांत उभ्या. मी कागदावरची नावं जुळवत होतो. बारा वाजून गेले असतील, तेव्हा बाईंनी मंचावरून मला हाताने बोलावलं. मला वाटलं पाणी हवं असेल.

"गीतात मालू होती," त्या म्हणाल्या. "नाई दिसून राह्यली."

मी बायांकडे पाहिलं. एक जागा मोकळी होती. कविता त्यांच्यात उभी होती, कारण कार्यक्रमाला आशाताईंनी गणवेशात हजर राहावं असंही माझ्याच पत्रात लिहिलं होतं. मी पुढच्या रांगेत पाहिलं. मालूची सासू तिथे, नव्या लुगड्यात. विलास मंडपाच्या कडेला चहाची किटली घेऊन फिरत होता. मी त्याला गाठलं. मालू कुठे?

"घरी हाये साहेब. डोकं दुखते म्हने. मी म्हनलं झोपून राय."

"घरात कोण आहे?"

त्याने पुढच्या रांगेतल्या आपल्या आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पेटी?"

"पलंगाखाली."

"चाव्या?"

"दोन्ही खुटीले टांगल्या," तो म्हणाला, आणि वाक्य संपायच्या आत त्याच्या हातातली किटली कलली. गरम चहा त्याच्या पायावर गेला तरी त्याला कळलं नाही.

कविता सगळ्यात पुढे धावली. तिच्यामागे विलास. मी छप्पन्न वर्षांचा, वाढलेल्या पोटाचा, खिशात भाषणाची प्रत. मंडपापासून घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, वाट चिखलाची. मी धावत होतो आणि डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त आकाशी रंग. मागून लाउडस्पीकरवर कोणीतरी घोषणा केली की पाहुण्यांची गाडी हिंगणीत पोचली आहे.

पुढचं दार आतून लावलेलं. विलासने हाक मारली, दारावर थाप मारली. आतून उत्तर नाही. पण आवाज येत होता. लोखंडावर दगड आपटल्याचा, थांबून थांबून. कविता म्हणाली, मागून, आणि आम्ही गोठ्यातून वळसा घेऊन मागच्या दारी आलो. ते नुसतं लोटलेलं होतं.

मालू पलंगाजवळ जमिनीवर बसली होती. पेटी बाहेर ओढलेली. एक कुलूप उघडून बाजूला पडलेलं. दुसरं जागेवर, त्यात अर्धी तुटलेली चावी, आणि तिच्या हातात वरवंटा. बोटांना खरचटून रक्त आलेलं. पेटी बंद होती. आम्हाला पाहून ती दचकली नाही. थकलेल्या माणसासारखं म्हणाली,

"मावशीची चावी लागून नाई राह्यली."

विलास दारातच खाली बसला. कविताने पुढे होऊन वरवंटा घेतला, पेटी पायाने मागे सरकवली आणि विलासला ती अंगणाबाहेर न्यायला लावली. तो ती दोन्ही हातांनी छातीशी धरून घेऊन गेला. मी मालूच्या समोर जमिनीवर बसलो. चार वर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं आणि बाहेर येत नव्हतं. "बरं आहे ना" हे मात्र अगदी ओठावर.

मग विचारलं. "मालू, मरायचं मनात होतं?"

तिने मान हलवली. हो.

"आत्ता आहे?"

तिने खरचटलेल्या बोटांकडे पाहिलं. तेवढ्या वेळात दुरून फटाक्यांची माळ वाजली, म्हणजे पाहुणे आले. "मगाशी लय होतं," ती म्हणाली. "कुलूप ठोकता ठोकता हात दुखाले लागले."

मी पुढे काही शहाणपणाचं बोललो नाही. मुलीचं नाव काय ठेवणार होतीस, एवढं विचारलं. तिने सांगितलं. जूननंतर ते नाव त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. ती रडायला लागली आणि थांबली नाही. कविताने तिला धरून ठेवलं. लाउडस्पीकरवर पाहुणे सांगत होते की जीवन अनमोल आहे आणि तरुणांनी सकारात्मक विचार करावा.

सुशीलाबाई पोचल्या तेव्हा भाषण संपत आलं होतं. मंचावरून उतरून, त्या गुडघ्यांनी, चिखलातून गावभर चालत आल्या होत्या. भिंतीचा आधार घेऊन मालूशेजारी बसल्या, दम खाल्ला, कुलपात तुटलेल्या चावीचा तुकडा जमिनीवर पडला होता तो उचलून पाहिला आणि कनवटीला लावला. मालू त्यांच्याकडे बघत होती.

"तू दुसरीच चावी देल्ली," मालू म्हणाली.

"हो."

"काऊन?"

बाईंनी तिच्या बोटांचं रक्त पदराने पुसलं. "बरबटी निवडाले दुसरं कोन येते माह्याकडं?"

त्याच क्षणी लाउडस्पीकरवर त्यांचं नाव पुकारलं गेलं. "श्रीमती सुशीलाबाई, कृपया मंचावर यावं." एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा चिडक्या आवाजात. मालू रडता रडता म्हणाली, "जा नं मावशी, बलावून राह्यले." बाई म्हणाल्या, "बलावू दे." शाल शेवटी सरपंचांच्या मंडळींनी स्वीकारली. फोटोत त्याच आहेत.

त्या दुपारीच आम्ही मालूला वर्ध्याला नेलं. नऊ दिवस ती भरती होती. औषध बदललं, सासूला आणि विलासला डॉक्टरिणीने पुन्हा समोर बसवलं, आणि या वेळी विलास बोलला. त्यालाही त्या नावाने झोप लागत नव्हती; ते कोणी त्याला विचारलं नव्हतं. मीही नाही. पेट्या त्याच संध्याकाळी, ओल्या रंगाच्या खोलीत, सगळ्याच्या सगळ्या परत आल्या. चार दिवस गावाच्या हातांना आकाशी रंग होता.

बाईंनी काय केलं होतं ते मला वर्ध्याच्या वाटेवर गाडीत कळलं. नऊ नंबरचं कुटुंब बुटीबोरीला कारखान्याच्या कामाला निघून गेलं होतं, त्यांची पेटी रिकामी. सगळी कुलपं एकाच कंपनीची, चाव्या दिसायला सारख्या. त्यांनी नऊच्या चावीचा नंबराचा पत्र्याचा बिल्ला काढून तिथे मालूच्या घरच्या पेटीचा, सतराचा लावला आणि ती विलासला दिली. सतराची खरी चावी तीन दिवस त्यांच्या कनवटीला होती. मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी पत्र लिव्हलं असतं," त्या म्हणाल्या.

मालू आज ठीक आहे. "ठीक" म्हणजे काय ते नीट सांगतो: वाईट दिवस अजून येतात, पण आले की ती सांगते, आणि घरात ऐकणारं माणूस आहे. तिला चार वर्षांचा मुलगा आहे, बोलका आणि अत्यंत त्रासदायक. हे लिहू का म्हणून मी तिला विचारायला गेलो तेव्हा ती म्हणाली, लिहा, नाव बदला, अन् मले जराशी उंच दाखवा. तर, मालू चांगली उंच आहे.

खोलीही चालू आहे. तशा खोल्या पुढे आणखी दोन गावांत झाल्या. एकीत पेट्या आहेत, कुलपं आहेत, बोलणारं माणूस नाही, म्हणून तिथे कोळ्याची जाळी लागली. कृषी केंद्रवाल्यांना, पोलीस पाटलांना, वार्ताहरांना आम्ही जे शिकवलं त्यातलं निम्मं टिकलं. वार्ताहरांना आम्ही सांगायचो, कशाने ते छापू नका, मदत कुठे मिळते ते छापा. काही जण तसं करतात. मी नसलो तरी ते करतात, हे मला अजून थोडं लागतं.

एक कागद मात्र सांगायचा राहिला. कार्यक्रमानंतर महिन्याभराने साहित्याची पडताळणी झाली. सतरा नंबरची चावी तुटलेली, तिच्यावर बिल्ला चुकीचा, नऊची चावी गायब, कुलूप ठोकलेलं. सुशीलाबाईंना नोटीस आली: लाभार्थ्यास हेतुपुरस्सर चुकीची चावी देऊन आदेशाचा भंग केल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये. मालूचं नाव कागदावर येऊ द्यायचं नव्हतं, त्यामुळे खरं कारण लिहिता येत नव्हतं. खुलासा मी लिहिला. दृष्टिदोषामुळे बिल्ल्यांची अदलाबदल झाली, असं. डोळ्यांची तक्रार असलेली बाई मंचावरून गीतातल्या बायांत एक कमी आहे हे कशी पाहते, असं कोणी विचारलं नाही. खुलासा मान्य झाला. आलेल्या पत्राच्या शेवटी ताकीद होती की भविष्यात अशी चूक पुन्हा होणार नाही याची दक्षता घ्यावी.

पत्र पोचवायला मीच गेलो. मालू ओसरीवर लसूण सोलत होती. बाईंनी पत्र सावकाश, पूर्ण वाचलं. याचं उत्तर द्यावं लागते काय, असं विचारलं. मी म्हणालो, नाही, पोचल्याची सही फक्त. त्यांनी सही केली, पेन परत देता देता थांबल्या, खाली आणखी काही लिहिलं आणि घडी करून कागद माझ्या खिशात घातला.

हिंगणी सोडल्यावर मी तो उघडला. सहीखाली मोठ्या गोल अक्षरांत लिहिलं होतं: सांगता येत नाही.

तो कागद मी तसाच फायलीला लावला. फोटो न जोडता.